साठ वर्षं थांबली, म्हणून?

“साठ वर्षं थांबतेय ना ती? मग आताच काय झालं?”

जुन्या जीपच्या ब्रेकचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. टपरीवर येतं, रॅलीच्या मैदानात येतं, आणि हल्ली ‘वारसा’ हा शब्द पुढे करून जरा वजनदार आवाजात येतं. लो बॉनेट असो की हाय बॉनेट, कंपनीने दिलेला ९ इंची ड्रम आणि कंपनीने दिलेला मागचा अ‍ॅक्सल यांना हात लावणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात टाइल्स बसवणं, असं मानणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. त्यात माझे मित्र आहेत, माझ्याहून कितीतरी जास्त जीप्स उघडून जोडलेले लोक आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. त्यांचा युक्तिवाद मात्र मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा आहे हे मोघम न बोलता नट-बोल्टासकट सांगायचं म्हणून हा लेख.

आधी त्या वाक्याचंच बघू. साठ वर्षं जी थांबली ती जीप आज आपल्यासमोर उभी आहे. जी थांबली नाही ती रॅलीला येत नाही. ती कुठल्या तरी दरीत गेली, भंगारात गेली, तिचे मडगार्ड दुसऱ्या जीपला लागले. उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघा, सगळं ठीक होतं’ म्हणणं हे पैलतीरावर पोचलेल्यांना विचारून नदीची खोली ठरवण्यासारखं आहे. आणि जी थांबत आली, ती तरी कशावर थांबत आली? तिचे लायनर किती वेळा बदलले, व्हील सिलेंडरचे रबरी कप किती वेळा टाकले, ड्रम किती वेळा लेथवर चढला, याचा हिशेब कुणाकडेच नसतो. ‘मूळ ब्रेक’ म्हणून जे दाखवलं जातं त्यात मूळ काय असतं? बहुतेक वेळा मागची पाटी आणि मालकाचा विश्वास.

पण मंडळींचा खरा मुद्दा सुट्या भागांचा नाही, रचनेचा आहे. ती रचना जशी आखली तशीच राहावी, असं त्यांचं म्हणणं. ठीक. मग ती कुणी, कधी आणि कशासाठी आखली तेही बघायला हवं.

१९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी टेहळणी गाडी हवी होती, आणि घाईने हवी होती. वजनाची पहिली अट होती १३०० पौंडांची. ती कुणालाच जमणारी नव्हती, म्हणून वाढत वाढत २१६० पौंडांवर, म्हणजे ९८० किलोंवर आली. बँटम कंपनीने आपला पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी कॅम्प होलाबर्डला नेऊन उभा केला. नवा अ‍ॅक्सल आखायला वेळ कुठला? स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या प्रवासी मोटारीचा अ‍ॅक्सल घेतला आणि त्यात फेरफार करून दिला. म्हणजे ज्या जीपच्या अ‍ॅक्सलला आज आपण हात लावायचा नाही म्हणतो, तिचा जन्मच दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल कापून-जोडून झाला आहे. पुढे विलीसची एमबी आली, ६० हॉर्सपॉवरचं ‘गो डेव्हिल’ इंजिन आलं, फोर्डनेही तशीच गाडी बनवली. चारही चाकांना ९ इंची ड्रम, पावणेदोन इंच रुंदीचे शू, आणि या चारहींना ब्रेक ऑइल पुरवणारं एकच मास्टर सिलेंडर, एकच वाट. टनभर वजनाच्या, सडपातळ टायरांच्या, काही वर्षं चालली तरी पुरे अशा लढाईच्या गाडीला ते शोभत होतं.

आता मागच्या अ‍ॅक्सलची गंमत बघा. लढाईतल्या एमबीचा मागचा अ‍ॅक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता. त्यात चाकाचा हब स्वतःच्या दोन बेअरिंगांवर एका जाड पोकळ नळीवर फिरतो, आणि शाफ्ट त्या नळीतून नुसता पीळ पोचवतो. बैलगाडीचा आख आठवा. आख वजन पेलतो, चाक त्यावर फिरतं, आणि ओढायचं काम बैलांचं. फुल फ्लोटिंगमध्येही भार वाहणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा. शाफ्ट तुटला तर गाडी पुढे जाणार नाही, पण चाक जागेवर राहील.

१९४५ साली नागरी सीजे-२ए आली. सुरुवातीच्या काही हजार गाड्यांना हाच अ‍ॅक्सल होता. मग तो बदलून ‘सेमी फ्लोटिंग’ आला. यात एकच शाफ्ट वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. हमालही तोच, बैलही तोच. त्याचं बाहेरचं टोक निमुळतं केलेलं, त्यावर हब दाबून बसवलेला, दोघांच्या मध्ये एक पोलादी चावी आणि वर एक मोठा नट. पुढच्या नागरी जीप्समध्ये, आपल्याकडे मुंबईत वर्षानुवर्षं बनलेल्या सीजे-३बीसकट, हीच पद्धत चालू राहिली.

तेव्हा आज जो मालक मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग करून घेतो, तो जीपच्या मूळ कल्पनेपासून लांब जातो की १९४१ च्या जीपकडे परत जातो? मूळपणाचा झेंडा घेऊन उभे असलेले माझे मित्र या प्रश्नावर गप्प होतात, किंवा चहा मागवतात.

हाय बॉनेटचंही असंच. आपल्याकडे ‘जीप’ म्हटलं की ज्यांच्या डोळ्यासमोर तो उंच, जरा बुजगावण्यासारखा चेहरा येतो, त्यांना माहीत असावं की तो चेहरा हीच एक तडजोड आहे. १९५३ साली विलीसने नवं ‘हरिकेन’ इंजिन घालायचं ठरवलं. ते जुन्यापेक्षा उंच होतं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेट उंच केलं. आपल्या गल्लीतला एखादा वेल्डर करेल तेच कंपनीने केलं आणि त्याला सीजे-३बी नाव दिलं. तीच कंपनी, तिचे पुढचे मालक आणि त्यांचे वारस ब्रेकही बदलत गेले. ९ इंचांचे १० झाले, सत्तरच्या दशकात ११ झाले, आणि त्याच दशकात पुढच्या चाकांना डिस्कचा पर्यायही आला. रचनाकारांना स्वतःच्या रचनेविषयी जेवढा मोह नव्हता तेवढा आपल्याला आहे.

इतिहास पुरे. आता गॅरेजमध्ये येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी चिपळूणजवळच्या एका गॅरेजमध्ये माझी जीप मागच्या बाजूने उचललेली होती. तक्रार अगदी किरकोळ: गिअर टाकून क्लच सोडला की मागून ‘टक्’ असा एक आवाज. मला वाटलं प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला असेल. मिस्त्रींनी क्रॉस हलवून पाहिला, मान हलवली आणि डाव्या हबला पुलर लावला. हब सहजासहजी निघाला नाही. तासभर पुलर ताणून ठेवला, जेवून आलो, मग एकदम बंदुकीसारखा आवाज होऊन हब सुटला. आतून जी चावी निघाली ती चौकोनी उरलीच नव्हती. मधून तिरकी चिरलेली, कडा गोल झालेल्या. मिस्त्री म्हणाले, “नट टाइट होता म्हणून चाक फिरत होतं. चावी कधीच गेली होती.” त्याच्या आदल्या आठवड्यात मी ती जीप कुंभार्ली घाटातून, मागे चार माणसं आणि सामान घेऊन, खाली आणली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी कागदावर एक आकृती काढली. जीप थांबवायच्या माझ्याकडे वाटा किती? पहिली, फूटब्रेक. दुसरी, हँडब्रेक. तिसरी, खालचा गिअर टाकून इंजिनचा ब्रेक. तीन वाटा म्हणजे बऱ्याच झाल्या, असं कुणालाही वाटेल. मग मी प्रत्येक वाट कुठून जाते ते बोटाने पाहत गेलो.

या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी एका छोट्या ड्रमवर असतो. तो प्रॉपेलर शाफ्ट धरतो, शाफ्ट पिनियनला धरतो, पिनियन क्राऊनला, आणि मग डिफ्रन्शिअलमधून दोन अ‍ॅक्सल शाफ्ट चाकांना. इंजिनचा ब्रेकही याच रस्त्याने चाकांपर्यंत जातो. आता एका बाजूची चावी चिरली आणि हब शाफ्टवर मोकळा फिरू लागला, तर काय होतं? डिफ्रन्शिअलचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे, जिकडे मोकळं तिकडे सगळं. प्रॉपेलर शाफ्ट घट्ट धरलेला असला तरी दुसरं, चांगलं चाक खुशाल फिरतं आणि तुटक्या बाजूचा शाफ्ट उलटा फिरून त्याला वाट करून देतो. हँडब्रेक ओढलेला आहे आणि गाडी उतारावरून जाते आहे. इंजिनचा ब्रेकही गेला. दोन वाटा एका चावीपायी बंद.

फूटब्रेक उरला. चावीच गेली असेल तर तो शाबूत असतो, कारण ड्रम हबवर आहे. पण शाफ्टच तुटला तर? आणि तो तुटतो कुठे? जिथे चावीसाठी खाच पाडलेली असते तिथे पोलाद सगळ्यात दुबळं, चीर तिथूनच सुरू व्हायची शक्यता मोठी. बेअरिंगच्या बाहेर शाफ्ट तुटला की चाक, हब आणि ड्रम असे तिघं मिळून निघून जातात. मागे उरतात उघडे शू. दचकून चालक ब्रेक दाबतो, शूंना अडवायला ड्रम नाही, व्हील सिलेंडरचे पिस्टन बाहेर पडतात आणि ब्रेक ऑइल रस्त्यावर सांडतं. मास्टर सिलेंडर एकच, वाट एकच. म्हणजे उरलेल्या तीन चांगल्या चाकांचा ब्रेकही गेला.

तीन वाटा, आणि तिन्ही त्या एका निमुळत्या टोकावर लटकलेल्या. म्हणूनच ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल हे दोन विषय मी वेगळे मानत नाही. ‘ब्रेकचं बघू, अ‍ॅक्सल नंतर’ म्हणणाऱ्यांनी ही आकृती एकदा स्वतः काढून पाहावी.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: फोर बाय फोर आहे ना, पुढचा अ‍ॅक्सल जोडा. चिखलात, नदीत, कातळावर बरोबर आहे. पण या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफ्रन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर वळणं घेत फोर बाय फोर चालवली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, सगळी यंत्रणा पिळून निघते आणि नको तिथे काहीतरी मोडतं. हे याच मित्रांनी मला शिकवलंय. म्हणजे घाट उतरताना जीप टू व्हील ड्राइव्हमध्येच असते आणि सगळा भार मागच्याच अ‍ॅक्सलवर. जिथे ब्रेकची गरज सगळ्यात जास्त, तिथे पुढच्या अ‍ॅक्सलची मदत नाही.

दुसरं ठरलेलं उत्तर: ‘हळू चालवा.’ हे मला मान्य आहे, पण निम्मंच. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे खरं. म्हणून हळू चालवणं शहाणपणाचं. पण घाटात उष्णता वेगाने येत नाही, उंचीने येते. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना गाडी पाचशे-सहाशे मीटर खाली येते. पाचशेच धरू. माणसं-सामानासकट दीड टन जीप पाचशे मीटर खाली आली तर सुमारे सात दशलक्ष ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नळाचं २४ लिटर पाणी उकळायला लागेल तेवढी. तुम्ही ताशी वीसने उतरा की चाळीसने, हा आकडा बदलत नाही. काही भाग इंजिन खातं, काही टायर आणि हवा, आणि उरलेलं सगळं ९ इंची ड्रमांच्या वाट्याला. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पॅडल खाली जातं. लायनर तापला की त्याची पकड सुटते. वर्षानुवर्षं न बदललेल्या ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असतो. साध्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना निदान २०५ अंश, ओलावा मुरल्यावर १४० अंशांपर्यंत घसरलेला चालतो असं त्याचं प्रमाणच सांगतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही.

यात भर आपणच घालतो. मूळच्या ६.००-१६ टायरचा व्यास साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. त्या जागी हौसेने ३३ इंची टायर बसवला की तोच ड्रम, तेवढाच जोर लावून, रस्त्यावर सातव्या हिश्शाने कमी पडतो. शिवाय टायर आणि रिम जड. पेट्रोल इंजिन काढून वजनदार डिझेल बसवलेलं. पुढे विंच. मागे दोन जेरीकॅन. पहिला गिअर २.८०, लो रेंज २.४६ आणि डिफ्रन्शिअल ५.३८ धरलं तर इंजिनाचा पीळ ३७ पट होऊन अ‍ॅक्सलपर्यंत येतो, आणि मोठा टायर कातळात अडकला की तो पीळ त्या निमुळत्या टोकावर येऊन थांबतो. मूळपणाच्या गप्पा मारणाऱ्या कित्येक जीप्सचं मूळपण नेमकं जिथे माणूस मरू शकतो तेवढ्याच जागी शिल्लक असतं. टायर नवे, इंजिन नवं, सीट नव्या, दिव्यांची माळ नवी. ब्रेक मात्र बापजाद्यांचा!

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं. नीट बसवलेला ९ इंची ड्रम वाईट नसतो. एकदा, सपाट रस्त्यावर, ताशी पन्नासवरून थांबायला तो पुरतो, चाकंसुद्धा जाम करतो. ज्या जीप ‘थांबत नाहीत’ त्यातल्या निम्म्यांना नवीन ब्रेक नको आहे, एक शहाणा मिस्त्री हवा आहे. हे ब्रेक आपोआप जवळ येत नाहीत. वरचे कॅम आणि खालच्या अँकर पिन दोन्ही फिरवून शू ड्रमला बसवायचे असतात, आणि शूचा बाक ड्रमच्या बाकाशी जुळवायचा असतो. हे काम आता फार थोडे जण मनापासून करतात. बाकीचे वरचा कॅम फिरवून गाडी हातात देतात. मास्टर सिलेंडर पायाखाली, पत्र्याच्या झाकणाआड असतं, म्हणून त्यातलं ऑइल बघायला कुणी वाकत नाही. आणि नदी ओलांडताना सगळ्यात आधी चिखल तिथेच जातो. (जाता जाता: जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरने फुंकणं आधी बंद करा.) तेव्हा ‘आधी देखभाल’ हा आग्रह योग्यच आहे. पण कितीही देखभाल केली तरी एका वाटेच्या दोन वाटा होत नाहीत आणि खाच पाडलेलं पोलाद बिनखाचेचं होत नाही. देखभाल झीज भरून काढते, रचनेतली उणीव भरून काढत नाही.

मग कायदा पुढे केला जातो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावला आणि तेव्हापासून ‘काहीही बदललं तर बेकायदा’ अशी एक भीती पसरली. कलम वाचा. नोंदणी पुस्तकातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करू नये, असा त्याचा रोख आहे. तिथे इंधन असतं, इंजिन आणि चासी नंबर असतात, आसनसंख्या असते. ड्रमचा व्यास कुठल्या रकान्यात आहे ते मला दाखवा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. गाडी मूळ रूपात असावी, मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यात आहे, आणि मोठा फेरफार म्हणजे काय हे सांगताना नियम चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावं घेतो. ब्रेकचं घेत नाही. शब्दरचना अगदी घट्ट नाही, एखादा अधिकारी वेगळा अर्थ लावू शकेल, म्हणून आपापल्या आरटीओत आधी विचारून घ्यावं हे बरं. पण ज्याच्या जीपमधून मूळ इंजिन काढून डिझेल बसवलंय त्याने मला ११ इंची ड्रमवरून कायदा शिकवावा, हे जरा जास्त होतं.

आणि वारशाचंच बोलायचं तर जुन्या वाहनांच्या जगभरातल्या संघटनांच्या महासंघाची, फिव्हाची, ‘ट्युरिन सनद’ आहे. सुरक्षिततेसाठी किंवा कायद्यासाठी करावे लागणारे बदल ती नाकारत नाही. ते डोळ्यांत खुपू नयेत, पुन्हा मागे घेता यावेत आणि काढलेले भाग जपून ठेवावेत, एवढंच तिचं सांगणं. ११ इंची ड्रम १६ इंची मूळ रिमच्या आत बसतो. बाहेरून जीप तशीच दिसते. दोन वाटांचं मास्टर सिलेंडर त्याच पत्र्याखाली बसवता येतं. परीक्षकाने आडवं पडून टॉर्च लावल्याशिवाय त्याला काही कळणार नाही, आणि जो परीक्षक आडवा पडतो त्याला मी आदराने सगळं दाखवीन.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते कमी कडू नाही. भंगारातून डिस्कवाला अ‍ॅक्सल मिळाला म्हणून तो नुसता मागे घालायचा आणि पुढे जुने ९ इंची ड्रम तसेच, असे प्रकार मी पाहिलेत. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथे ब्रेक जोरदार असेल तर ती आधी जाम होतात आणि २०३ सेंटिमीटर व्हीलबेसची ती ठेंगणी गाडी ओल्या रस्त्यावर लट्टूसारखी फिरते. ब्रेक वाढवायचा तर आधी पुढचा, किंवा दोन्ही मिळून. दुसरा प्रकार: पुढे डिस्क बसवली, पण ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलेंडरमधला दाब राखणारा व्हॉल्व्ह तसाच ठेवला. ड्रमला तो सुमारे १० पीएसआय लागतो, डिस्कला दोन पुरतात. परिणाम असा की पॅड सतत घासतात, आणि मालक सांगत फिरतो की डिस्कचा काही उपयोग नाही. उलट तोही व्हॉल्व्ह काढूनच टाकला तर मास्टर सिलेंडर खाली आणि कॅलिपर वर, ऑइल मागे येतं आणि पहिला पंप फुकट जातो.

डिस्कच हवी का, या वादात मी फारसा पडत नाही. नदीतून बाहेर आल्यावर डिस्क लवकर कोरडी होते आणि ड्रममध्ये पाणी साचून राहतं. चिखलात मात्र डिस्कचे पॅड लवकर झिजतात. माझ्या जीपला मी चारही चाकांना ११ इंची, दोन इंच रुंदीचे शू असलेले ड्रम घातले. घासणारं क्षेत्रफळ सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढलं, आणि बहुतेक माणसांच्या बहुतेक घाटांना ते पुरतं. पण हे सगळं नंतरचं. कुणाच्या खिशात एकाच कामापुरते पैसे असतील तर त्याने आधी दोन वाटांचं मास्टर सिलेंडर घालावं. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं केलं, तेव्हा आपल्याकडे याच जीप एका वाटेवर चालत होत्या. मग मागचे शाफ्ट: निमुळतं टोक आणि चावी जाऊन एकसंध, फ्लँज असलेला शाफ्ट, किंवा परवडत असेल तर फुल फ्लोटिंग. अमेरिकेतले जीपवाले हे कित्येक दशकं करत आलेत, कारण सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या सीजेंच्या मागच्या अ‍ॅक्सललाही दोन तुकड्यांचाच शाफ्ट होता आणि त्याचा हब शाफ्टवर फिरायचा रोग तिथे कुप्रसिद्ध आहे. ड्रम त्यानंतर. विंच आणि टायर सगळ्यात शेवटी. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण मास्टर सिलेंडरचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही.

माझ्या जीपचे जुने ड्रम, मागचे दोन्ही शाफ्ट, ते एकवाटी मास्टर सिलेंडर आणि ती चिरलेली चावी, सगळं ग्रीस लावून लाकडी खोक्यात ठेवलंय. ज्याला जीप पुन्हा १९५३ सालची करायची असेल त्याला एक रविवार पुरेल. ती चावी मात्र मी कुणाला देणार नाही.

तुम्हाला माझं काहीही पटलं नसेल, तरी पावसाळ्याआधी एक काम करा. मागचे दोन्ही हब काढा, हातोड्याने ठोकून नको, पुलर लावून. चावी बाहेर काढा, पुसा आणि उजेडात धरा. तिच्या कडा सरळ नसतील, तर त्या दिवशी ती जीप चालवत घरी नेऊ नका.